ओव्हाळ बाई आणि तीन वाड्यांचे गाव

प्रा. निर्मला ओव्हाळ यांची आणि माझी पहिली भेट माझ्या खोटे बोलण्याने झाली. विधी महाविद्यालयात मी दुसऱ्या वर्षाला होतो. अंतर्गत परीक्षेत गुण कमी पडले होते आणि ते वाढवून घ्यावेत या उदात्त हेतूने मी बाईंच्या खोलीत शिरलो. बाईंनी माझी उत्तरपत्रिका काढली, चष्मा पुसला आणि विचारले, "अहो, संविधानाची पाचवी अनुसूची वाचलीत का?"

"हो."

"किती पानांची आहे?"

शनिवार पेठेतला माणूस सहजासहजी माघार घेत नाही. मी म्हणालो, "असेल पन्नासेक पानांची."

"चार-पाच पानांची आहे. बसा तिथे, वाचा, मग गुणांचं बोलू."

मी बसलो आणि वाचली. गुणांचा विषय मात्र मी पुन्हा काढला नाही. जाताना बाई एवढेच म्हणाल्या, की पुढच्या मंगळवारी या, त्याच पानांवर बोलायचे आहे. तो मंगळवार अजून संपलेला नाही असे मी घरी म्हणतो. बाई विद्यार्थ्यांना, मग ते कितीही कोवळे असोत, 'अहो' म्हणतात. रागावल्या की त्या 'अहो'ला धार येते, हे बाईंच्या या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांना अनुभवाने ठाऊक असेल.

आदिवासींच्या स्वशासनाखाली एखादा मुलूख आणायचा तर कोणत्या कसोटीवर, या एका प्रश्नाला बाईंनी चाळीस वर्षे दिली. अनुसूचित क्षेत्र ठरवताना चार गोष्टी पाहतात: आदिवासींचे प्राबल्य, सलग आणि पुरेसा मोठा भूभाग, कारभार करता येईल असे प्रशासकीय एकक आणि शेजारच्या भागाच्या मानाने मागासलेपण. मौज अशी, की या कसोट्या पाचव्या अनुसूचीच्या त्या चार-पाच पानांत कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्या प्रथेने रूढ झाल्या आहेत. त्यापुढची पायरी पेसा कायद्याची, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याची. अनुसूचित क्षेत्रातली एखादी वाडी, किंवा दोन-चार वाड्या मिळून, आपल्या रूढींप्रमाणे आपला कारभार स्वतः चालवत असतील, तर त्यांना स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळू शकते आणि त्यांची स्वतःची ग्रामसभा होते. बाई वर्गात सांगत, "लोकसंख्या जनगणनेतून कळते, सलगता नकाशावर दिसते. आपला कारभार आपण चालवतो हे कुठल्या कागदावर दिसणार? त्यासाठी तिथे जावं लागतं."

आणि त्या जात. एस.टी.ने, कधी भाजीच्या टेम्पोत पुढे बसून. त्यांची एक पद्धत होती. ज्या गावाचा अहवाल लिहायचा, तो त्या गावात बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा. लोक कंटाळत, जांभया देत, मध्येच उठून गुरे वळवून येत. बाई थांबत आणि पुढे वाचत. आम्हा शिष्यांना हा वेळेचा अपव्यय वाटे, आणि तसे आम्ही परतीच्या वाटेवर आपापसात बोलतही असू.

बाईंच्या स्नेहाविषयी एकच आठवण सांगतो. आमच्या घरी आईने प्रथम विचारले होते, "ओव्हाळ म्हणजे कोण?" प्रश्न आडून होता, रोख सरळ होता. बाई बौद्ध आहेत असे मी सांगितल्यावर आईने "बरं" म्हटले आणि ती पोळ्या लाटू लागली. पुढे आईच्या खुब्याचे हाड मोडले. माझी कोर्टाची कामे चालू होती. बाई कर्वेनगरहून रोज दुपारी रुग्णालयात येऊन बसत आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत. पंधरवडाभराने आई मला म्हणाली, "तू नाही आलास तरी चालेल, त्यांना मात्र नाही म्हणू नकोस." आईच्या मनातला तो पहिला प्रश्न पुरता गेला की नाही ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरी दिवाळीचा पहिला डबा कर्वेनगरला जाऊ लागला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती तीन वाड्यांची आहे.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, अनुसूचित क्षेत्रातच, एका मोठ्या गावाला जोडलेल्या तीन वाड्या होत्या. वस्ती ठाकर आणि कातकरी. खाली गाव मोठे, वर वाड्या लहान. ग्रामसभेत हात वर करायची वेळ आली की वाड्या नेहमी हरत. वाड्यांच्या डोक्यावरच्या टेकडीत खडीची खाण काढायला खालच्या सभेने हरकत नाही असे कळवून टाकले होते. त्याच टेकडीच्या पोटातून तिन्ही वाड्यांचा झरा येतो. शहरात इमले उठायचे तर खडी कुठून तरी यायचीच, पण ती या झऱ्याच्या टेकडीतून यावी का, हे झऱ्याचे पाणी पिणाऱ्यांनी ठरवावे, एवढेच वाड्यांचे म्हणणे होते. वेगळे गाव झाले तर खाणीला त्यांच्या सभेची शिफारस लागणार होती. त्यांनी ठराव केला, निम्म्याहून जास्त मतदारांनी सह्या-अंगठे दिले आणि अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे गेला. अशा कामांच्या सरकारी समित्यांवर बाई नेहमी असत, म्हणून प्रांतांनी त्यांच्याकडून पाहणी अहवाल मागवला.

बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. पाहणीला मी गेलो. शिमग्याच्या आधीचे दिवस होते. निम्म्याहून अधिक घरांची दारे बंद, दाराला आडवी काठी आणि सुंभाचे वेढे. तीनदा गेलो, तीनदा तेच. मी त्या घरांपुढे 'ओसाड' असे लिहिले. सह्या करणारी बरीच माणसे तिथे राहतच नाहीत असा त्याचा अर्थ निघत होता, आणि तसा निष्कर्ष मी काढलाही. मुदत संपत आली होती. बाईंनी अंथरुणातच अहवाल चाळला, माझ्यावर विश्वास ठेवला आणि सही केली. गावात वाचन न होता गेलेला त्यांचा हा पहिलाच अहवाल.

पाऊस लागायच्या आधी बाई काठी टेकत वाड्यांवर चढल्या. अहवाल दाखल झाला असला तरी वाचायचा राहिला होता. समाजमंदिराच्या ओट्यावर बसून त्यांनी वाचायला सुरुवात केली. घरांच्या यादीपाशी आल्या, तेव्हा हौसाबाई नावाच्या एक वयस्क बाई मध्येच बोलल्या.

"बाई, ओसाड म्हंजी काय वं?"

"जिथे कोणी राहत नाही ते घर."

"मंग माजं घर ओसाड व्हय? म्या तर हितं बसलीया."

कुणीतरी हसले. हौसाबाई हसल्या नाहीत. "दिवाळी झाली का आमी वीटभट्टीवर जातो, पावसाच्या तोंडाला परत येतो. जाताना दाराला काठी बांधतो. म्हंजी मानूस परत येनार हाय. कायमचा गेला तर दारच काढून संगं नेतो. बांधल्याल्या घराच्या कुडाला बी कोन हात लावत न्हाई. लावला तर वाडी बसती."

"वाडी बसते म्हणजे?" बाईंनी विचारले.

"समदी बसत्यात. काय करायचं त्ये ठरवत्यात. आमच्या आज्याच्या येळेपासनं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "अहो, बांधलेली दारं तुम्ही पाहिली होतीत?"

"पाहिली."

"कोणाला विचारलंत?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो. मग बाई सभेकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. सही माझी आहे." आणि तिथेच वही उघडून हौसाबाईंना त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. वाडी कधी बसली, कोणावर बसली, काय ठरले, कोणी मानले. जी घरे मी ओसाड लिहिली होती, त्यांच्या दारांवरच रूढीने चालणाऱ्या कारभाराचा पुरावा बांधलेला होता. कायदा नेमके तेच विचारत होता, आणि तीन फेऱ्या मारूनही मला ते दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाई प्रांतांसमोर होत्या. मी सोबत होतो. प्रांत सज्जन होते, पण पेचात पडले. "मॅडम, दाखल झालेला अहवाल तुम्हीच मागे घेताय. पुढे कुठल्याही समितीवर तुमचं नाव सुचवणं अवघड होईल."

"मग सुचवू नका," बाई म्हणाल्या. "पण सगळी माणसं घरी असताना पुन्हा मोजा."

भातलावणीच्या दिवसांत फेरमोजणी झाली. दारे उघडी, चुली पेटलेल्या, ठरावावरचे अंगठे जागच्या जागी. तरी सुनावणीत खाणवाल्यांच्या वकिलांनी पहिला अहवाल पुढे केला.

"हा तुमचाच ना?"

"माझाच."

"म्हणजे आपण चुकता."

"चुकते. म्हणून तर गावाला वाचून दाखवते."

दोन तास प्रश्न चालले. चौसष्ट वर्षांच्या बाई दुखऱ्या गुडघ्यावर उभ्या होत्या आणि पाहणी प्रत्यक्ष कोणी केली, हे त्यांनी एकदाही सांगितले नाही. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसलो होतो. मी वकील आहे. उठून कसे बोलायचे हे मला शिकवलेले होते, आणि तेही बाईंनीच.

वाड्यांचे गाव झाले. पहिल्याच ग्रामसभेने खाणीला शिफारस नाकारली. झरा वाहतो आहे. गेल्या वर्षी मी सहकुटुंब तिथे जाऊन आलो. हौसाबाई आता थकल्या आहेत, पण सभेत पहिल्या रांगेत बसतात आणि ग्रामसेवकाला कागद मोठ्याने वाचायला लावतात. आजही दिवाळीनंतर दारांना काठ्या बांधल्या जातात. फरक इतकाच, की जाण्याआधी सभा भरते.

बाईंना मात्र त्यानंतर कुठल्याही समितीवर कोणी बोलावले नाही. त्यांनी त्याची खंत केल्याचे मी कधी ऐकले नाही. कर्वेनगरच्या घरी त्या शनिवारचा वर्ग चालवतात आणि दर वर्षी हे प्रकरण शिकवतात. शीर्षक असते 'माझी चूक'. नवी मुले टिपणे घेतात: ओव्हाळ मॅडम यांनी ऋतू न पाहता पाहणी केली. या ग्रंथासाठी आलेल्या आणखी दोन लेखांतही त्या चुकीचा उल्लेख 'बाईंच्या प्रांजळपणाचे उदाहरण' असा आहे. संपादनाच्या निमित्ताने मी ते वाचले. एका वर्षी त्या वर्गात मी शेवटच्या बाकावर होतो. बाई शिकवत होत्या, मुले लिहीत होती, आणि मी खाली मान घालून बसलो.

म्हणून या अमृतमहोत्सवी ग्रंथात, बाईंची परवानगी न घेता, लिहितो: ती पाहणी मी केली होती. बांधलेली दारे मी पाहिली आणि कोणाला काही विचारले नाही. 'ओसाड' हा शब्द माझा आहे. या वाक्यांची मुद्रिते मी बाईंकडे पाठवलेली नाहीत, कारण त्यांनी ती खोडली असती.

बाई, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. पुढच्या शनिवारी मी येणार आहे. आपण शिकवायला सुरुवात करण्याआधी मुलांना मी दोन मिनिटे काही सांगेन. तेवढा वेळ आपण खुर्चीवर बसून राहावे, ही विनंती.