सैल ब्लँकेट

माझ्या बाबांना सैल कापड बघवत नाही. सोफे बनवणारा माणूस तो. कापड ताणलं, खिळे ठोकले, वर टिचकी मारली आणि ढोलासारखा आवाज आला की स्वारी खूश. काकाचं सगळं उलट. बाबांच्या वर्कशॉपमागच्या गोदामात त्याने छऱ्याच्या पिस्तुलांची नेमबाजी सुरू केली होती, आणि तिथलं सगळ्यात महत्त्वाचं सामान म्हणजे एक जुनं, लोंबतं ब्लँकेट.

नोकरीचा कारखाना बंद पडल्यावर काकाने स्वतःचं म्हणून उभं केलेलं हे एवढंच. लग्न नाही, घर नाही. आमच्याच मागच्या खोलीत राहायचा. त्यामुळे गोदामाला जिवापाड जपायचा. स्टीलचे छर्रे नवे आणि गुळगुळीत हवेत. ते काचेवर घरंगळवून बघायचा, जो अडखळला तो कचऱ्यात. जमिनीवरचा छर्रा उचलून कोणी पुन्हा भरला, तर गिऱ्हाईक कितीही बडं असो, पिस्तूल काढून घ्यायचा. निशाण्याला बाटल्या नाहीत, डबे नाहीत, लाकूड नाही. टणक वस्तू छर्रा परत पाठवते म्हणायचा. पुठ्ठ्याचं खोकं, तोंडावर कागद, आत ते ब्लँकेट सैल सोडलेलं. छर्रा त्यात शिरायचा, दमायचा आणि खाली पडायचा. आत येणाऱ्या प्रत्येकाला जाड चष्मा, नुसत्या बघ्यांनाही. म्हणून लोक त्याला चष्मेबुवा म्हणायचे.

बाबांना हा शुद्ध गबाळेपणा वाटे. आपल्या दुकानामागे कापड असं लोंबतंय, लोक काय म्हणतील, हे ते रोज जेवताना ऐकवायचे. काका मान खाली घालून जेवायचा.

एका संध्याकाळी काका छर्रे आणायला गेला, तेव्हा बाबांनी खोकं उघडलं. आत प्लायवूडची फळी बसवली, ब्लँकेट तिच्यावर ताणून चहूबाजूंनी खिळे मारले आणि पुढे पुन्हा कागद चिकटवला. हेतू वाईट नव्हता, हे मी मान्य करते. धाकट्याचं काम नीटनेटकं करून दिलं, असंच त्यांना वाटलं असणार. पण विचारलं नाही की सांगितलं नाही. सकाळी गंमत बघायला मात्र गेले.

रोजच्यासारखा पहिला नेम काकाच धरणार होता. आधी त्याने बाबांपुढे चष्मा धरला. मी कुठे पिस्तूल चालवतोय, म्हणत बाबांनी तो बाजूला सारला. छर्रा गेला तसा परत आला. काकाच्या कानाजवळून मागे गेला आणि बाबांचा उजवा डोळा कायमचा गेला.

गोदामाला कुलूप लागलं. बाबांनी इस्पितळातूनच एक वाक्य पाठ करून आणलं होतं: भावाने डोळा फोडला. नातेवाईक, शेजारी, गिऱ्हाईकं, सगळ्यांना तेच. पण मी खोक्यात डोकावले होते. इतक्या सारख्या अंतरावर खिळे आमच्या घरात दुसरं कोण मारणार? मी तणतणत काकाकडे गेले, सगळ्यांसमोर सांगून टाकते म्हणाले. त्याने मला खाली बसवलं.

"डोळा गेलाय त्याचा. वर चूकही त्याचीच होती, हे कशाला त्याच्या माथी मारतेस?"

"आणि तुझ्या माथी आलंय ते?"

"मला दोन डोळे आहेत," तो म्हणाला.

मला त्यात मोठेपणा दिसला नाही. रागच आला, अजूनही येतो. कारण बाबांना सगळं ठाऊक आहे. घरी आल्याबरोबर त्यांनी पहिलं काम कुठलं केलं असेल, तर ते खोकं मोडून फळी जाळण्याचं.

एका डोळ्याने त्यांना आता खिळ्याचा अंदाज येत नाही. म्हणून वर्कशॉपमध्ये काका ठोकतो, बाबा बघतात. काल एक बाई सोफा बघायला आल्या आणि डोळ्याला काय झालं म्हणून विचारलं. बाबांनी काकाकडे बोट दाखवून नेहमीचं सांगितलं. बाई काकापासून चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या. काका खिळे ठोकत राहिला. मग बाबांनी कापडावर टिचकी मारली.

"सैल आहे," ते म्हणाले. "अजून ताण."

काकाने ताणलं.