वीज काढलेलं पाणी

आमच्या नायिकेला हसता येत नव्हतं. म्हणजे ह्यांना तिचं हसणं काढता येत नव्हतं. तोंड मिटलेलं असलं की पोरगी देखणी दिसायची, टपोरे डोळे, वेणी पुढे घेतलेली. हसवायला गेले की पेन्सिल थांबायची. कारण ती नायिका म्हणजे आमची लेक होती, आणि लेक गेली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. नवे आलेले आम्ही कोणी बघितलेच नाहीत. मग काढणार कसे?

थांबा, नीट सांगते. नाहीतर म्हणाल, म्हातारी कुठूनही सुरू होते.

माझं सासर भिवपुरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. भाताची शेती सासूबाई आणि मी बघायचो. हे मुंबईला, कार्टून काढतात तशा एका कंपनीत. गावात कुणाला ते सांगून पटायचं नाही. "म्हंजे पाट्या रंगवतो का रं?" असं विचारायचे. सिनेमा सुरू व्हायच्या आधी जाहिराती लागतात बघा, साबणाची वडी नाचते, किटली गाणं म्हणते, ती ही चित्रं. त्यातही मुख्य चित्रं मोठे चित्रकार काढणार, आणि ह्यांच्यासारख्यांनी त्यावर पारदर्शक कागद ठेवून रेघ गिरवायची. हे म्हणायचे, "दिवसभर गिरवतो, आणि संध्याकाळी बघतो तर किटलीनं एकदा मान हलवलेली असते." आठवडाभर तिकडे राहायचे आणि शनिवारी घरी.

लेक जाऊन आठ वर्षं झाली होती. सासूबाईही मधे गेल्या. घरात आम्ही दोघंच. एका शनिवारी हे आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "अगं, साहेबांनी सगळ्यांना सांगितलंय, कुणाकडे गोष्ट असंल तर आणा. जादूची पायजे आणि प्रेमाची पण पायजे. दहा मिनिटांचा सिनेमा करायचाय. ज्याची गोष्ट पसंत पडंल तो मुख्य चित्रकार."

"मग करा की."

"मला रेघा गिरवता येतात. गोष्ट तुला येते."

ते खरं होतं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण लावणीला बायका मला मुद्दाम मधे घ्यायच्या, दोन्हीकडे ऐकू जावं म्हणून. "हिच्या हातापेक्षा तोंड जास्त लावतं रोपं," म्हणायच्या.

आता आमच्याकडची एक गोष्ट तुम्हाला माहीत पाहिजे. घाटावरचं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली पॉवर हाऊसला उतरतं, तिथे त्याची वीज होते, आणि तेच पाणी पुढे नदीला लागतं. त्या पाण्याला आमची जुनी माणसं 'वीज काढलेलं पाणी' म्हणायची. लोणी काढल्यावर ताक उरतं ना, तसं. त्यानं भात नुसता हिरवा दिसतो, दाणा भरत नाही. आजाऱ्याला तर ते पाजूच नये. सासूबाई तोंड वाकडं करून म्हणायच्या, "ईज काडल्यावर काय रायलं त्यात? चोथा!" आजची पोरं हे ऐकून हसतात. मी हसत नव्हते.

त्यावरच मी गोष्ट रचली. घाटावरच्या तलावात एक पाण्याचा माणूस राहतो. खाली शेतात एक मुलगी. तो रोज नळातून उतरून तिच्या बांधाशी येतो, तिच्या पायाला लागतो, बोलतो. एक दिवस पॉवर हाऊसमध्ये त्याच्यातली वीज काढून घेतात. तो बाहेर येतो तो पांढराफटक, तिला ओळखतच नाही. त्याला शुद्धीवर आणायचं तर डोंगरातल्या झऱ्याचं, ज्याला कुठल्या नळाचा स्पर्श नाही असं पाणी त्याला पाजायचं. मग ती त्याला पडवीत निजवते आणि कळशी घेऊन डोंगर चढते.

हे मांडी ठोकून म्हणाले, "भारी! म्हाताऱ्यांचं बोलणं तू कुठं नेऊन बसवलंस गं!"

पुढचे तीन-चार रविवार आम्ही दुपारची जेवणं झाली की ओटीवर बसायचो. हे कागदांवर, मी तांदूळ निवडत. आधी तो पाण्याचा माणूस झाला. ह्यांनी त्याला रुंद छाती काढली, मिशी काढली.

"अहो, पाणी हाय ते. पैलवान नाय."

"मग मिशी राहू दे?"

"पाण्याला मिशी कुणी बघितली?"

खोडली. मग त्याला पाठीमागचं दिसेल असं अंग दिलं, छातीत मासळीएवढा उजेड. उजेड गेला की नुसती बाहेरची रेघ उरायची. माणूस गेल्यावर असाच दिसतो.

मुलगी कशी काढायची ते ह्यांनी विचारलं नाही. खाली मान घालून काढत राहिले, आणि मी सूप बाजूला ठेवून बघते तो कागदावर आमची लेक. सात वर्षांची.

मी म्हटलं, "ही लहान हाय. प्रेम कशी करंल?"

"मोठी करतो की. पण एकदम उडी मारून चेहरा कळत नाय. मधली वर्षं काढायला लागतील."

आणि खरंच काढली. एका कागदावर आठ वर्षांची, एकावर नऊ, असं करत. मधेच विचारायचे, "दहाव्या वर्षी केस कुठपर्यंत आले असते गं?"

"तेलाचा कंटाळा तिला. आखूडच राहिले असते."

"उंच झाली असती ना?"

"तुमच्यावर गेली तर हो."

गावात कुणी ऐकलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते. आम्ही मेलेली पोर वाढवत होतो. चौदाव्या वर्षी ह्यांनी तिला साडी नेसवली आणि पेन्सिलीला टोक करत बसले.

दात तेवढे राहिले. एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाले, "तोंड तिला तुझं होतं. हस बरं जरा."

माझा वरचा एक सुळा वाकडा आहे. मी हसायला गेले आणि पदर तोंडावर घेतला. नाही हसता आलं. ह्यांना वाटलं, लाजले.

लाजले नव्हते. ह्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. लेकीचा विषय निघाला, कुणी हळहळलं, की म्हणायचे, "निदान आईच्या मांडीवर तरी गेली." आठ वर्षं ते त्या वाक्याला धरून होते. लेक गेली तेव्हा हे मुंबईत, निरोप पोचून येईपर्यंत तिला पुरून झालेलं. ह्यांना दिसलं काहीच नाही, होतं ते एवढंच वाक्य. आणि ते मी दिलेलं होतं. ते खोटं होतं.

गोष्ट तिथेच येऊन अडली. ह्यांनी मुलगी कळशी घेऊन उंबऱ्याबाहेर पडते ते चित्र काढलं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"हे पटत नाय. तो पडवीत मरायला टेकलाय आणि ही त्याला टाकून डोंगरावर जाते? कुणी जाईल का? दुसऱ्या कुणाला पाठवंल, पण स्वतः जवळून हलायची नाय." मग सहज म्हणाले, "तूच सांग. तू लेकीला सोडून गेली असतीस का?"

ओटीवर ऊन होतं. समोरून कुणाची तरी म्हैस गेली. मी गप्प बसले असते तर निभावलं असतं.

"गेले होते," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. पोरीचा गळा सुजलेला, आत पांढरं धरलेलं, घोट उतरत नव्हता. मी म्हटलं, गाडी जुंपायला सांगते, कर्जतला नेऊ. सासूबाई म्हणाल्या, "आदी डोंगरचं पानी पाज तिला. ह्या नदीच्या पान्यानंच घसा धरलाय. तू जा, तुजे पाय तरणे हायत. मी बसते." त्यांच्यावर ढकलत नाही. मलाही तेच खरं वाटत होतं. दीड तास चढ. येताना कळशी कमरेवर आणि कळशीच्या तोंडावर तळहात दाबून धावत आले, थेंब सांडू दिला नाही. दारात पोचले तेव्हा सासूबाईंनी तिचे डोळे मिटलेले होते. मधे तीनदा विचारलं म्हणे पोरीनं, "आय आली का?" सासूबाईच म्हणाल्या, "त्याला काय सांगू नको. तुज्या मांडीवर गेली म्हन." ती कळशी पुढे दोन दिवस तशीच भरलेली राहिली. कुणी प्यायलं नाही, कुणी ओतलं नाही.

ह्यांनी सगळं ऐकलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "तुला ते खरं वाटतं? वीज काढलेलं पाणी?"

"म्हंजे?"

"अगं, पाणी वरनं पडतं, चाक फिरवतं, बाहेर येतं. त्यातनं कुणी काय काढून घेत नाय गं. पाणी ते पाणीच."

मला वाटत होतं, आम्ही दोघं एकाच गोष्टीवर काम करतोय. ह्यांच्यासाठी ती मी रचलेली जादू होती. माझ्यासाठी त्यातला तो पाण्याचा माणूस तेवढा खोटा होता. बाकी सगळं झालेलं होतं. आणि त्या दिवशी कळलं की मी डोंगर चढले ते कशासाठीच नाही.

ह्यांनी कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. पुढचे दोन शनिवार आले नाहीत. मी भांडी घासायची, गोठा झाडायची, आणि मनात म्हणायची, एक वाक्य होतं बिचाऱ्याकडे, तेही काढून घेतलं.

तिसऱ्या शनिवारी आले. हातपाय धुतले, जेवले. मग म्हणाले, "साहेबांना चित्रं दाखवली. आवडली."

"मग?"

"म्हणाले, मुलगी डोंगरावर जाते ना, तिथंच सगळा सिनेमा हाय. फक्त तिला वेळेत पोचव. आणि शेवटी हसव, लोक हसून बाहेर पडले पायजेत."

"मग तुमी काय बोललात?"

"कागद परत मागितले." आमटीची वाटी पुढे करत म्हणाले, "वाढ जरा."

एवढंच. पुढे दुसऱ्या कुणाची गोष्ट घेतली, कुठल्याशा परीची, आणि ह्यांनी तिच्या रेघा गिरवल्या. कंपनी बंद पडेपर्यंत गिरवतच राहिले. मुख्य चित्रकार झाले नाहीत. ते मांडीचं वाक्य मात्र मी परत त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. कुणी लेकीबद्दल बोललं की, "हं," म्हणायचे, आणि उठायचे. मला माफ केलं, की वेळेत पोचणारी बाई त्यांच्याच्यानं काढवली नाही, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तशीच सोबत केली आम्ही, शेवटपर्यंत.

हे गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. वर लेकीची वर्षं, सात ते अठरा, सगळी तोंड मिटलेली. खाली दोऱ्यानं बांधलेला वेगळा जाड गठ्ठा. मला वाटलं मुलीचाच असेल. अंगठ्याखालून कागद भराभर सोडत गेले तशी चित्रं हलली, आणि एक बाई डोंगर उतरायला लागली. कमरेवर कळशी, कळशीच्या तोंडावर तळहात दाबलेला, पदर सुटलेला. धापा टाकताना तोंड उघडं पडलंय आणि वरचा एक सुळा वाकडा.

ती गठ्ठाभर उतरते. शेवटच्या कागदावर पायथ्याच्या करवंदीच्या जाळीपाशी येते, एक पाय उचललेला. पुढे कागद नाही. मी पुन्हा वरून सोडते, पुन्हा ती तिथपर्यंतच येते. घर त्यांनी काढलेलंच नाही.