दत्तोबांची सनई आणि सरकारी कवळी

कसबा पेठेतल्या एका देवळात दत्तोबा रोज पहाटे सनई वाजवत. वडिलांमागे ही सेवा त्यांच्याकडे आली होती. लग्नसराईत मंगल कार्यालयांची बोलावणी येत, त्यावर घर चाले. साठी उलटली आणि पायरियाने त्यांचे दात हलू लागले. सनईची पत्ती धरायची ओठांत, पण ओठांना मागून टेका दातांचाच. वरच्या सुराला गेलं की हिरडीतून कळ निघे आणि सूर घसरे. संबळावर साथ करणारा त्यांचा पुतण्या मच्छिंद्र मग जोरात वाजवून वेळ निभावून नेई.

कोरोना ओसरल्यावर ज्येष्ठांसाठी सरकारी दंतयोजना सुरू झाली. तपासणी मोफत, कवळीही मोफत, असं ओरडत रिक्षा मंडईभोवती फिरली. शनिवार पेठेतल्या केंद्रावर दत्तोबा बायकोला, आनंदीबाईंना, घेऊनच गेले.

नीरजा नावाच्या तरुण डॉक्टरने बराच वेळ तोंड तपासलं. "काका, सगळेच काढावे लागतील. एकही वाचणार नाही."

"मग सनई?"

"कवळी बसली की हळूहळू जमेल असं वाटतं. पण खात्री नाही देत. सनई वाजवणारा पेशंट मला पहिल्यांदाच मिळालाय."

दत्तोबांना दोन रात्री झोप लागली नाही. दात ठेवले तरी जाणारच होते, आणि बाहेर कवळी करून घेणं झेपणारं नव्हतं. त्यांनी होकार दिला.

दात निघाले. हिरड्या भरल्या. माप द्यायला गेले, तर दारावर कागद चिकटवलेला: कवळीचं काम तूर्त बंद. कवळ्या बनवणाऱ्याचं कंत्राट कुठेतरी अडकलं होतं. "फोन करू," एवढंच उत्तर मिळालं.

फोन येईना. देवळाचे विश्वस्त गोपाळकृष्ण सभ्यपणे म्हणाले, "आपण विश्रांती घ्या. तोवर रेकॉर्ड लावतो." दुसऱ्या पहाटेपासून कर्ण्यातून कुणा दुसऱ्याची सनई वाजू लागली. दत्तोबा अंथरुणात पडल्या पडल्या ती ऐकत. त्या सनईला दम लागत नव्हता, सुट्टी नको होती. लोकांना हीच बरी वाटली तर?

सगळ्यांचे मास्क उतरले, दत्तोबांचा उतरेना. भाकरी आमटीत कुस्करून भिंतीकडे तोंड करून खात. एकदा घरी कुणी नाही असं पाहून त्यांनी सनई तोंडाला लावली. ओठ आत गेले, नुसती हवा फुसफुसली. त्यांनी सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. लग्नाच्या सुपाऱ्या आल्या तेव्हा मच्छिंद्र खाली मान घालून म्हणाला, "काका, दुसऱ्या सनईवाल्याबरोबर जाऊ का?"

"जा," दत्तोबा म्हणाले.

आनंदीबाई मात्र केंद्रावर खेपा घालत राहिल्या. "काय हो मॅडम, योजना दात काढायचीच होती, बसवायची नव्हती?"

नीरजाचा चेहरा उतरला. "आई, मीही वर रोज विचारतेय. मलाच उत्तर मिळत नाही."

पावसाळा संपता संपता एकदाचा फोन आला. मापं झाली, कवळी आली. घरी येऊन दत्तोबांनी सनई काढली, छाती भरून फुंकली, आणि वरची कवळी निसटून मांडीवर पडली. आनंदीबाईंना हसू येऊ लागलं होतं, पण नवऱ्याकडे पाहून त्यांनी ते आवरलं. दत्तोबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सनई घेऊनच या," आनंदीबाईंनी केंद्रावर हे सांगितलं तेव्हा नीरजाने निरोप दिला.

खुर्चीत बसून दत्तोबा वाजवत, नीरजा कुठे निसटतं ते बघे, कवळी काढून घासे, पुन्हा बसवे. बाहेर ताटकळलेले पेशंट दारातून डोकावत. एक म्हातारे म्हणाले, "इथे मुंजही लागते वाटतं!" अशा कितीतरी खेपा झाल्या. घरी दत्तोबा नवशिक्यासारखे एकच सूर धरून बसत. हिरड्या सोलवटत, तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसत.

शेवटी त्यांनी गोपाळकृष्णांकडे एक पहाट मागितली. त्या दिवशी ते सनई घेऊन देवळात जाऊन बसले. मच्छिंद्र न बोलावता येऊन शेजारी बसला. सूर लागला, पातळ पण खरा. वर जाताना एकदा फाटला, दत्तोबांनी तो सावरला. गोपाळकृष्ण शेवटपर्यंत उभे होते.

"वरचा सूर जरा ओढून लागतोय," ते म्हणाले.

"लागतोय खरा," दत्तोबा म्हणाले.

"उद्या लवकर या. अभिषेक आहे."

लग्नांत तासन् तास वाजवणं दत्तोबांना पुढे जमलं नाही. ती कामं मच्छिंद्र दुसऱ्याबरोबर करतो, आणि घरखर्चासाठी आनंदीबाई घरी हार ओवतात. देवळातली सेवा तेवढी राहिली. अजूनही सनई तोंडाला लावण्याआधी दत्तोबा क्षणभर थांबतात, जिभेने वरची कवळी दाबून बघतात, आणि मगच फुंकतात.