उताराकडचा घोटा

ताइसिया, आमची ताया, व्होल्गाकाठच्या आमच्या थिएटरात बॅलेच्या रांगेत नाचायची. एकटीचा नाच तिच्या वाट्याला कधी आला नाही आणि तिने तो मागितलाही नाही. प्रेक्षकांच्या डाव्या हाताच्या विंगेतून निघणाऱ्या रांगेतली जागा तिला एका जुन्या नर्तकीने निवृत्त होताना सोपवली होती. आमच्याकडे अशी जागा म्हणजे वतनच. तायाची पेन्शन एका हंगामावर आली होती. तेवढा हंगाम घोट्याने काढावा, बास. पण घोटा रोज प्रयोगानंतर पावासारखा फुगायचा.

डॉक्टर म्हणाला, वय झालं. मी थिएटरात कलाकार संघाची प्रतिनिधी, माझं डोकंच फिरलं. वय काय एकाच पायाला होतं?

सोमवारी थिएटर बंद, म्हणून आम्ही सगळ्या वाफेच्या न्हाणीघरात. बर्चच्या डहाळ्यांनी एकमेकींच्या पाठी झोडपून बाकावर पाय पसरले आणि मी एकेकीचे घोटे बघत सुटले. तायाचा उजवा सुजलेला. तिच्या रांगेतल्या आणखी दोघींचाही उजवाच. समोरच्या विंगेतून येणाऱ्या झ्लाताचा मात्र डावा.

"घोडे घ्यायला आलीस का गं बाजारात?" झ्लाता म्हणाली.

मी एक फळी तिरकी टेकवली आणि फळीवर पाय ठेवला. आमचा रंगमंच जुन्या पद्धतीचा, प्रेक्षकांकडे उतरता. ताया उड्या घेत निघाली की उतार तिच्या उजव्या हाताला. उजव्या पायावर उतरली की तळव्याची बाहेरची कड खाली जाते, आणि उडीनंतर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो तो नेमका मुरगळलेल्या घोट्यावर. पलीकडून येणारीचं उलटं.

मी म्हटलं, दोघी जागा बदला, म्हणजे भार चांगल्या पायावर जाईल. झ्लाता लगेच तयार. ताया उखडली. जागा सोडली की लोक म्हणणार, ही संपली.

"पाय मोडल्यावर काय म्हणतील?" मी विचारलं.

ती घोटा चोळत राहिली. "क्लाव्दिया मार्कोव्हनांना तूच सांग. माझं नाव घ्यायचं नाही."

या तालीम घेणाऱ्या बाई. त्यांनी सगळ्यांदेखत मला झाडलं, संघवाल्यांनी आता नाच शिकवायचा राहिला होता म्हणे. मीही आवाज चढवला, म्हटलं, उतारावर एका पायावर उभ्या राहून बघा. त्या बूट काढून खरंच उभ्या राहिल्या. आधी इकडे तोंड करून उजव्यावर, मग तिकडे तोंड करून डाव्यावर. नंतर बूट चढवून दोघींना पलीकडे-अलीकडे केलं.

शनिवारच्या प्रयोगाला ताया पलीकडच्या विंगेतून निघाली. उडी घेतली, डाव्यावर उतरली, पाय हलला नाही. पण जुन्या सवयीने मान मात्र भलतीकडे. अख्खी रांग प्रेक्षकांकडे बघतेय आणि ही मागच्या पडद्याकडे.

विंगेत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. क्लाव्दिया मार्कोव्हनांनी वाकून तिचा उजवा घोटा दाबून पाहिला; आज तो फुगला नव्हता.

"मान चुकली," त्या म्हणाल्या. "मंगळवारी ये, मान बसवू."