शिफारसपत्राचे तीन मसुदे

पहिल्या वर्षी माझी शिष्यवृत्ती हुकली, कारण एका माणसाने एक ईमेल उघडली नाही. हे वाक्य मी पुढे अनेक वर्षे मनात घासून गुळगुळीत केले. हातात धरावे तर ते गार आणि जड लागे, आणि नेम धरून फेकता येईल अशा आकाराचे झाले होते.

तो माणूस पुण्यातल्या आमच्या विभागाचा प्रमुख होता. मी कवितेचा अभ्यास करून एम.ए. झाले होते आणि संग्रहालयशास्त्राकडे वळू पाहत होते. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाने मला प्रवेश दिला, पण प्रवेशाने काम अर्धेच होते. परदेशी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज वेगळा, मनोगत वेगळे आणि प्रत्यक्ष शिकवलेल्या दोन प्राध्यापकांच्या शिफारशी वेगळ्या. शिष्यवृत्तीवाचून तिकडे जाणे आमच्या घराच्या कुवतीबाहेरचे होते. सर रिवाजाप्रमाणे म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो."

दुसऱ्याच्या आवाजात स्वतःची स्तुती लिहिताना जिभेवर तुरटीसारखी चव राहते. मी लिहून नेले. सरांनी लाल पेनने एकेक विशेषण खोडत म्हटले, "एवढं कौतुक शोभत नाही गं. नम्र वाटलं पाहिजे." मी पुन्हा लिहिले. मग विद्यापीठाने कळवले की कागद चालणार नाही, शिफारस देणाऱ्याने ईमेलने आलेली लिंक उघडून मजकूर स्वतः भरायचा. तिथून माझे बाकावर बसणे सुरू झाले. त्यांच्या दालनाबाहेरचा तो बाक, फिनेलने पुसलेल्या फरशीचा ओला वास, दाराआडून येणारे त्यांचे हसणे. विचारले की म्हणत, "टाकलंय म्हटलं ना." आणि माझ्या अर्जाच्या पानावर मात्र 'शिफारस प्रलंबित' हे दोन शब्द पालीसारखे चिकटून होते. मुदत संपली तेव्हाही ते तिथेच होते. मी सांगायला गेले, तर सर संत्रे सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." त्या खोलीत संत्र्याच्या सालीचा इतका टवटवीत वास भरला होता की मला त्याचाही राग आला.

पुढच्या वर्षी मी विभागातल्याच दुसऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांनी त्याच दुपारी लिंक उघडली, आणि मी इकडे आले. शिकले, द हेगच्या एका संग्रहालयात जुन्या कापडांच्या जतनाचे काम मिळाले, नीउ-व्हेनेप नावाच्या गावात घर झाले. रोजच्या गाडीत खिडकीबाहेर सपाट हिरवी शेते सरकत राहत, त्यांच्या मधून कालव्यांची सरळ रेघ, आणि वसंतात खत आणि हायसिंथची फुले यांचा मिसळलेला गोड-उग्र वास. राग अशा शिस्तीच्या देशात चांगला टिकतो. त्याला कुणी धक्का देत नाही.

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण नव्या अर्जदारांच्या शंकांना उत्तरे देतात. मीही देऊ लागले. महाराष्ट्रातून येणारी मुले बहुधा एकच चूक करत. ज्या बाईंनी दोन वर्षे समोर बसवून शिकवले त्यांना सोडून ती कुलगुरूंचे, एखाद्या संचालकांचे, वडिलांच्या ओळखीतल्या बड्या माणसाचे पत्र आणत. मी सांगे, इथे वशिल्याचा वास आला तर पत्र बाजूला पडते. 'मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक' असे लिहू नका. आज्ञाधारक हा इथे गुण नाही, त्याने डच माणसाच्या कपाळाला आठी पडते. तुम्ही काय केलेत आणि ते कुणी पाहिले, एवढेच लिहा.

अशी बरीच वर्षे गेल्यावर एका संध्याकाळी सरांचा फोन आला. त्यांची मुलगी वास्तुरचनेची पदवीधर, तिला इथे पाणी आणि शहरे यांवर शिकायचे होते, आणि शिष्यवृत्तीही तीच, माझी हुकली होती ती. कधी 'तू' सोडून न बोललेले सर मला 'आपण' म्हणत होते. आपण तिथल्याच, आपला शब्द आत चालेल, आपलेच एक शिफारसपत्र असले तर पोरीचे भले होईल.

माझे पत्र चालणार नव्हते. शंकांना उत्तरे देणाऱ्यांनी शिफारस करायची नाही आणि न शिकवलेल्याने तर नाहीच, हा नियम मला पाठ होता. तो तेव्हाच सांगता आला असता. मी म्हटले, "सर, तुम्हीच लिहून पाठवा. मी बघते."

त्याच आठवड्यात मी मुलीशी वेगळी बोलले. तिच्याशी माझे वैर नव्हते, आणि तिच्या अर्जाला माझ्याकडून ओरखडाही उमटू द्यायचा नाही हे मी मनाशी पक्के केले होते. तिला स्टुडिओत आराखडे शिकवणाऱ्या मॅडमचे नाव मी तिच्याकडून काढून घेतले, कुणाला आणि कधी विचारायचे ते समजावले, आणि मनोगतातली नदीवरची भावविवश सुरुवात कापायला लावली. पोरगी चटपटीत होती. म्हणाली, "ताई, बाबा म्हणतात मोठ्या माणसाचं पत्र पाहिजे. मॅडम तर साध्या लेक्चरर आहेत." मी म्हटले, मॅडमचेच हवे. मॅडमनी लगेच लिंक उघडून शिफारस भरली, तिला शिकवणाऱ्या आणखी एका प्राध्यापकांनीही. मुदतीच्या बऱ्याच आधी तिचा अर्ज पूर्ण होता.

आणि तिकडे वडील लिहीत होते.

पहिला मसुदा आला तो विशेषणांनी लगडलेला. माझ्या नावाने, माझ्या आवाजात, स्वतःच्या लेकीची स्तुती. त्यात 'आज्ञाधारक' होतेच. मी लाल अक्षरांत खुणा करून परत पाठवला आणि कळवले की कौतुक कमी करा, नम्र वाटले पाहिजे. दुसऱ्यात त्यांनी कौतुक कमी केले. मी लिहिले, यात मुलगी दिसत नाही. तिसरा आला तेव्हा ते थकलेले जाणवले, वाक्ये आखूड झाली होती, आणि एका ठिकाणी, बहुधा नकळत, त्यांनी तिच्याविषयी एक खरी गोष्ट लिहिली होती. लहानपणी ती पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी खडूने रेघा मारून मोजत असे. ते वाक्य सुंदर होते. मी ते वाचले आणि फाइल बंद केली. दर दोन दिवसांनी त्यांचा निरोप येई, "पाठवलंत का?" मी उत्तर देत नसे. त्यांचा बाक त्यांच्या घरातच मांडला गेला होता, आणि ते त्यावर बसले आहेत हे मला जेवताना, कपडे वाळत घालताना, गाडीच्या काचेला डोके टेकवताना आठवे आणि बरे वाटे.

मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. सप्टेंबरात सर तिला सोडायला आले, आणि शेजारच्या हूफडॉर्प गावातल्या एका शाळेच्या सभागृहातल्या गणेशोत्सवात आम्ही समोरासमोर आलो. आरती नुकतीच संपली होती, कापूर आणि ओल्या रेनकोटांचा वास एकत्र दरवळत होता. लोक कागदी ताटल्या घेऊन रांगेत होते. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितले, "ही माझी विद्यार्थिनी. पोरीची शिष्यवृत्ती हिच्या पत्रामुळे. मजकूर माझा हं, सही हिची."

लोक हसले. माझ्या लक्षात आले की मी गप्प राहिले तर मी केलेला तो सगळा छळ त्यांच्या खात्यावर पराक्रम म्हणून जमा होईल.

"सर, ते पत्र कुठेच गेलं नाही," मी म्हटले. "ते चालणारच नव्हतं. तिला तिच्या मॅडमच्या पत्रावर मिळाली."

खांद्यावरचा हात निघाला. "मग तीनतीनदा लिहून का घेतलंस?"

"तुम्ही माझी लिंक का उघडली नाहीत?"

"कसली लिंक?"

ते खरोखरच विसरले होते. मी आवाज न चढवता सांगितले. बाक, लाल पेन, 'टाकलंय म्हटलं ना', वाया गेलेले वर्ष. रांग पुढे सरकली, आमच्याभोवती थोडी मोकळी जागा झाली. सर इकडेतिकडे पाहत म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"हो. एवढ्याशाच."

त्यांची मुलगी दोन ताटल्या घेऊन केव्हा मागे येऊन उभी राहिली ते त्यांनी पाहिले नव्हते. मी पाहिले होते. तिने एक ताटली माझ्या हातात दिली, दुसरी तशीच धरून ठेवली.

"बाबा," तिने विचारले, "तुम्ही खरंच उघडली नव्हतीत?"

सरांनी माझ्याकडे पाहिले, जणू उत्तर मी द्यावे. मी ताटलीतला मोदक उचलला. सारण अजून कोमट होते, खोबऱ्याला वेलदोड्याचा दाट सुगंध होता, आणि मला कडकडून भूक लागली होती.