सरांचं नाव मी सांगितलं नाही

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे कुणी न विचारताही मी सांगते.

गावातल्या मोठ्या घरासमोरून जाताना आमचा बा चपला काढून हातात घ्यायचा. त्या घरची माणसं पुण्याला जाऊन कैक वर्षं झालेली, दाराला कुलूप, जमीन विकलेली. तरी बा चपला काढायचाच. एकदा मी चिडले, तर म्हणाला, "मला कळतंय की. पाय ऐकत न्हाईत, पोरी."

पुढं कोल्हापुरात एम.ए. करताना मनोविश्लेषण वाचलं आणि बा काय बोलला ते मला उमगलं. मालक निघून जातो, पण माणसाच्या आत बसलेला मालक हलत नाही. सत्तेवर टीका करायची तर तिथवर उतरायला पाहिजे. पीएच.डी.साठी हाच विषय घेऊन मी मार्गदर्शक सरांकडं गेले, बाच्या चपलांचंही सांगितलं. सर शोषणावर बोलायला लागले की सभागृह चिडीचूप व्हायचं. त्यांनी मला जमीन, मजुरी, जात यांवर लिहायला सांगितलं. वर सगळ्यांसमोर म्हणाले, "मनबिन शहरातल्या रिकामटेकड्यांना असतं. वडिलांना दवाखान्यात दाखव तू."

पोरं हसली. विषय फेटाळला, माझी दोन वर्षं गेली.

मी मार्गदर्शक बदलला, विषय नाही. आणि प्रबंधात एक प्रकरण वाढवलं. त्यात समतेवर भाषणं ठोकणारे एक प्राध्यापक आहेत. त्यांच्यासमोर विद्यार्थी खुर्चीत बसत नाहीत. त्यांच्या घरी भाजी आणून देतात. त्यांचा विनोद संपायच्या आधीच हसतात. तसं करा म्हणून कुणी सांगितलेलं नसतं.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली होती. सर पहिल्या रांगेत येऊन बसले. तेच प्रकरण मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं. मागं खसखस पिकली. हे प्राध्यापक कोण, सरांनी विचारलं.

"सर, ज्याचा अभ्यास केला त्याचं नाव उघड करायचं नसतं. तुम्हीच शिकवलंय."

सर ताडकन उठले. त्यासरशी त्यांचे सगळे विद्यार्थी उठले. बाहेरगावचे परीक्षक चष्मा काढून बघत राहिले. मी आधीच उभी होते; बसलेली असते तर माझ्या पायांनी काय केलं असतं, देव जाणे.

सर दाराकडं निघाले. मी पाण्याचा घोट घेतला आणि ते बाहेर पडायच्या आत पुढचं पान वाचायला घेतलं. तेही त्यांच्यावरच होतं.