दहा नंबरची बाटली

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे मुंगी म्हणतात. लहानपणी सतत काही ना काही इथून तिथे नेत असायची म्हणून पडलेलं नाव. त्रेचाळिसाव्या वर्षीही ते तिला शोभतं. चहाचा कप घरातसुद्धा ती तीन पाण्यांनी विसळते.

"अगं, त्यात काय विष होतं का?" सासूबाई विचारतात.

"हाताची सवय आहे, आई."

बोटांची टोकं भेगाळलेली, उजव्या अंगठ्यावर कधीच न जाणारा पिवळा डाग, आणि केसांना नखांचा रंग काढायच्या औषधासारखा वास. स्वभावाने भित्री. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणार, परीक्षेचा पेपर देऊन आली की तीन दिवस जेवणार नाही. शाळेची प्रयोगशाळा सांभाळण्यात तिची चौदा वर्षं गेली आणि सदतिसाव्या वर्षी, कुणाला न विचारता, तिने रसायनशास्त्रात डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं. एवढ्या भित्र्या बाईने हे धाडस कसं केलं, ते मला अजून कळलेलं नाही. सासूबाईंचं मत ठरलेलं होतं: "सहा वर्षं पांढरी पूड करतेय. ना खायची, ना अंगाला लावायची."

त्या पांढऱ्या पुडीचे बारा प्रकार होते, म्हणजे बारा नवी संयुगं, एकापासून बारापर्यंत नंबर दिलेली. त्यांच्यावरचा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे पाठवायचा होता. तो दाखल झाल्याची पोच जोडल्याशिवाय विद्यापीठ तिचा प्रबंध घेणार नव्हतं, आणि दोनदा वाढवून मिळालेली मुदत गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता संपत होती. पोच नसेल तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात.

बुधवारी सकाळी हे कामावर गेले, सासूबाई वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत बसल्या, आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर पडताळा करायला बसलो. मीही रसायनशास्त्राचीच पदवीधर. ते प्रमाणपत्र कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली आहे, पण आकडे वाचायला काय लागतं? मी तिच्या प्रयोगवहीतून मोठ्याने वाचायचं आणि तिने टाईप केलेल्या प्रतीवर खूण करत जायचं.

"आठ नंबर. द्रवणांक एकशे शहाण्णव ते अठ्ठ्याण्णव."

"बरोबर."

"नऊ नंबर. एकशे एक्कावन्न ते त्रेपन्न."

"बरोबर. दहालाही तेच आहे बघ, एकशे एक्कावन्न ते त्रेपन्न. जुळ्या बहिणी आहेत त्या. क्लोरीनचा अणू एकीत या घरात, तर दुसरीत शेजारच्या घरात, एवढाच फरक."

"या पानावर कडेला पेन्सिलीने काहीतरी आहे," मी म्हटलं आणि त्याच सुरात वाचत गेले, "नऊ आणि दहाची लेबलं अ‍ॅसिटोन सांडून पुसली गेली. पूड बघून अंदाजाने पुन्हा लावली. खात्री करून घेणे."

समोरचं पेन थांबलं.

मी मान वर केली. तिचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखा झाला होता. तिने वही ओढून घेतली, तारीख पाहिली. तीन वर्षांपूर्वीची.

"घेतलीस ना खात्री?" मी विचारलं.

"आठवत नाही. वहिनी, मला काही आठवत नाही. त्याच आठवड्यात बाबा गेले."

सासरे गेले तेव्हा ती पंधरा दिवस घरी होती. परत कामावर गेली तेव्हा बाटल्यांवर नवी लेबलं होती, स्वतःच्याच हस्ताक्षरातली. मग शंका कुठून येणार?

"पण संयुग ओळखायला वर्णपट वगैरे काढलेत ना? त्यावरून कळेल की."

"ते सगळं लेबलं पुसायच्या आधीचं आहे, ते बरोबर आहे. पण जंतूंवरच्या चाचण्या नंतरच्या. या बाटल्यांतूनच पाठवल्या मी." तिने टेबलाची कड धरली. "दहा नंबर जंतू मारतं, नऊ नंबर मारत नाही. सगळा निबंध त्यावर उभा आहे. का मारतं, ते मी चार पानं समजावून सांगितलंय. आणि बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तर..."

चूक नुसती निबंधात राहणार नव्हती. ते वाचून कुणीतरी औषध शोधायला निघालं असतं आणि भलत्याच संयुगामागे वर्षं घालवली असती. पुढे कुणी प्रयोग करून पाहिला असता, जुळला नसता, तर हिने आकडे बनवले असंच म्हटलं असतं लोकांनी.

तिने मार्गदर्शक सरांना फोन लावला. जुने सर निवृत्त झाल्यावर आलेले हे नवे सर. माणूस वाईट नाही, पण घाई कायम पाठीला लागलेली. मलाही ऐकू यावं म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला.

"मॅडम, तीन वर्षांपूर्वीची टीप आज वाचताय?" सर म्हणाले. "उद्या शेवटचा दिवस आहे. वर्णपटाच्या यंत्राला तीन आठवड्यांची रांग आहे. तुमचा अंदाज बरोबर असण्याची पन्नास टक्के शक्यता आहे."

"आणि उरलेली पन्नास, सर?"

"उरलेली पन्नास कुणाला दिसणार आहे? पाठवून द्या."

फोन बंद झाला. "सरांनी सांगितलंय म्हटल्यावर..." असं ती पुटपुटली आणि खरंच प्रतीवर पुढची खूण करायला लागली. मला तेव्हा जास्त भीती वाटली. गॅससाठी तीनदा परत फिरणारी ही बाई आता परत फिरली नाही, तर जन्मभर त्याच जिन्यात उभी राहील.

वही मिटायला म्हणून मी तिच्यावर हात ठेवला, तर पानावर काहीतरी टोचलं. पारदर्शक चिकटपट्टीखाली काचेची एक नळी होती, शिवणाच्या सुईएवढी बारीक, दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली. आत चिमूटभरही नाही इतकी पांढरी पूड.

"हे काय गं?"

"केशनळी. जुन्या सरांचा हट्ट. संयुग पहिल्यांदा तयार झालं की त्याचे पहिले कण नळीत भरून त्याच पानाला चिकटवायचे. आम्ही हसायचो. सरांचं संग्रहालय म्हणायचो."

"मुंगे, लेबल बाटलीचं पुसलं गेलं. हे पान कुठे पुसलंय?"

ती चपला शोधायला लागली. एकच सापडली, दुसरी पायातच होती.

बुधवारी दुपारी विद्यापीठातली प्रयोगशाळा बंद असते. किल्ल्या सांभाळणारे काका कुरकुरत आले. "मॅडम, यंत्रांनाही सुट्टी असते. आणि या कोण?"

"माझ्या वहिनी."

"बरं झालं. घरचं माणूस आणलंत ते. चेहरा बघून वाटलं, पोलिसांना आणताय."

काका खिडक्या उघडून दारापाशी स्टुलावर बसले.

काय करायचं ते तिने जाता जाता मला सांगितलं होतं. शुद्ध पदार्थ ठरलेल्या अंशालाच वितळतो. त्यात दुसरं काही मिसळलं की आधीच वितळायला लागतो, बर्फावर मीठ टाकल्यासारखा. वहीतलं खरं दहा आणि बाटलीतलं दहा एकत्र घोटायचं. दोन्ही एकच असतील तर एकशे एक्कावन्नपर्यंत काही हलणार नाही. वेगळी असतील तर ते मिश्रण आधीच कोसळेल.

"नळीत किती वेळा पुरेल एवढं आहे?"

"एकदा."

तिने चिकटपट्टी सोलली. मी तिचं मनगट धरलं, लहान मुलाला अक्षर गिरवायला लावताना धरतात तसं. नळी मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. पूड काचेच्या तबकडीवर पडली. दारातून वारा आला आणि तिने दोन्ही तळव्यांनी तबकडी झाकली.

"काका, दार!"

काकांनी उडी मारून दार लावलं.

यंत्रात दोन नळ्या शेजारी शेजारी बसवल्या. डावीकडे नुसती बाटलीतली पूड, उजवीकडे मिश्रण. ती भिंगाला डोळा लावून बसली, मी तापमापक वाचायला लागले.

"एकशे दहा."

"काही नाही."

"एकशे वीस."

"काही नाही."

तिची मान घामाने ओली झाली होती. माझ्या मनात एकच चाललं होतं, हलू नको, हलू नको. त्या पुडीला सांगत होते की मुंगीला, कोण जाणे.

"एकशे अठ्ठावीस. एकशे तीस."

ती भिंगावर आणखी वाकली.

"एकशे बत्तीस. मुंगे?"

"उजवीकडची ओली झाली," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "बसली खाली. डावीकडची तशीच उभी आहे."

काका स्टुलावरून उठले. त्यांना रसायनशास्त्र येत नसेल, पण तीस वर्षं त्यांनी लोकांचे चेहरे पाहिले होते. काही न विचारता ते पाण्याचा पेला घेऊन आले.

बाटलीतलं दहा दहा नव्हतं. तिने नऊच्या पानावरची नळी काढली आणि त्याच बाटलीतल्या पुडीबरोबर पुन्हा घोटलं, पुन्हा तापवलं. या वेळी दोन्ही नळ्या एकशे एक्कावन्नपर्यंत तशाच राहिल्या आणि बरोबरच वितळल्या. म्हणजे जंतू मारणारं संयुग नऊ नंबर होतं. चार पानांचं तिचं स्पष्टीकरण उलट्या पायावर उभं होतं.

तिने सरांना परत फोन केला. "सर, अदलाबदल झालेली आहे. चर्चेची चार पानं काढून टाकते. का मारतं ते आत्ता सांगता येत नाही, एवढंच लिहिते. आणि लेबलं पुसली गेली होती, ओळख मिश्र द्रवणांकाने पुन्हा पटवली, असंही लिहिते."

"हे वाक्य कोण लिहितं हो? परीक्षक पहिल्या फटक्यात परत पाठवतील. माझंही नाव आहे त्यावर."

"म्हणूनच विचारतेय, सर." घाबरली की तिचा आवाज बारीक होतो. तो अगदी धाग्याएवढा झाला होता, पण तुटला नाही. "त्या वाक्याशिवाय मी पाठवणार नाही. मुदत गेली तर गेली."

पलीकडे गाडी थांबवल्याचा आवाज आला.

"दुसऱ्या बाटलीचं बघितलंत?"

"नाही, नळ्या संपल्या."

"वर्णपटाला पाठवलेले नमुने परत आले होते ना? माझ्या कपाटात खालच्या खणात डबा आहे, चिठ्ठ्या छापील आहेत. काकांकडे किल्ली आहे. त्यात नऊ-दहा सापडले तर तेही लावून बघा, आकडे निबंधात घाला." मग ते म्हणाले, "वाक्य राहू दे."

डब्यात दहाची कुपी होती. तिच्यात तळाशी चिकटलेलं जेमतेम खरवडून निघालं. नऊ नंबरच्या बाटलीशी ते एकशे एक्कावन्नपर्यंत जुळलं.

गुरुवारी सकाळपासून तिने चार पानांचं सव्वा पान केलं. मी वाचलं, तिने खुणा केल्या, मग तिने वाचलं आणि मी खुणा केल्या. सासूबाईंनी न मागता तीनदा चहा ठेवला आणि कप स्वतः विसळले, तीन पाण्यांनी. चार वाजून दहा मिनिटांनी पाठवायचं बटण समोर आलं. तिने बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं.

"वहिनी, नाकारलं तर?"

"तर नाकारलं."

"तू म्हणायला पाहिजेस ना, नाही नाकारणार म्हणून."

"मला काय माहीत गं? मी काय परीक्षक आहे?"

तिने बटण दाबलं. पोच आली, ती तिने विद्यापीठाला पाठवली आणि पाचच्या आत तिकडूनही दोन ओळींचं उत्तर आलं. प्रबंध घेतला जाणार होता. निबंधाचं काय होणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आजही नाही. दोन महिने झाले, दाराची घंटा वाजली तरी ती दचकते, जणू परीक्षक स्वतःच चालत येणार आहेत.

त्या संध्याकाळी मात्र ती लगेच उठली नाही. दोन्ही मोडक्या नळ्या तिने कागदाच्या पुडीत बांधून आणल्या होत्या. त्या आपापल्या पानावर, आपापल्या जागी ठेवून तिने वरून नवी चिकटपट्टी लावली. मग पेन्सिलीला टोक काढलं, 'खात्री करून घेणे' याच्याखाली त्या बुधवारची तारीख घातली, आणि गॅस बंद आहे का ते बघायला आत गेली.